हृदयाची झडप : शल्यविद्येचा इतिहास आणि उपकारस्मरण

जैन आचारपरंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. एखाद्या न्यासाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना जिनालयाचा जीर्णोद्धार, धर्मशाळा, पाठशाळा आणि साधुसंतांचे चातुर्मास यांचे स्मरण होते, तसेच औषधदानाचेही होणे उचित आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत तर औषधदानाला एक विशेष अर्थ आहे. येथे आजार घरात असतो आणि उपचार दूरच्या शहरात. हृदयाच्या झडपेच्या आजाराच्या बाबतीत हे अंतर सर्वांत अधिक जाणवत आले आहे. गेल्या शंभर वर्षांत या आजारावरील उपचार कसे घडत गेले, त्यामागे कोणाचे श्रम आणि कोणाचा त्याग आहे, आणि बरा होऊन घरी परतलेल्या रुग्णाची कृतज्ञता कोणकोणापर्यंत पोहोचली पाहिजे, याचा विचार सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

दोन जिल्हे आणि लांबची वाट

पूर्वीच्या विशाल चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. त्याचे क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असून त्यातील दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाने व्यापलेला आहे. दक्षिणेच्या टोकाचे सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे २०० किलोमीटरवर आहे, आणि तेथून पुन्हा नागपूर गाठायचे तर तेवढीच वाट शिल्लक राहते. जिल्ह्यात दीर्घकाळ देसाईगंज म्हणजे वडसा हे एकच रेल्वेस्थानक होते. पावसाळ्यात पर्लकोटा, इंद्रावती, प्राणहिता या नद्यांना पूर आला की भामरागडकडील गावांचा संपर्क तुटत असे.

चंद्रपूरची स्थिती रेल्वेमुळे थोडी बरी होती. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील बल्लारशाह हे मोठे स्थानक असल्यामुळे नागपूरला न थांबता थेट चेन्नई किंवा वेल्लोर गाठण्याची वाट येथील अनेक कुटुंबांना परिचित होती. आंध्र प्रदेशातील पुट्टपर्ती येथे नोव्हेंबर १९९१ मध्ये श्री सत्यसाई संस्थेचे रुग्णालय सुरू झाले आणि तेथे हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होऊ लागल्या, तेव्हा दक्षिणेकडे जाणाऱ्या या वाटेला आणखी एक मुक्काम मिळाला. मुंबईचे के. ई. एम. आणि नागपूरची शासकीय रुग्णालये हे आधार होतेच. तथापि तिकीट, मुक्काम, रक्तदाते, अनोळखी भाषा आणि बुडालेली मजुरी यांचा भार रुग्णाच्या कुटुंबावर पडत असे.

या दोन जिल्ह्यांत आरोग्यसेवेची ज्योत लावणाऱ्यांचे स्मरण येथे केले पाहिजे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाचा आरंभ केला. त्यांच्याच प्रेरणेने २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांच्या सेवेत आयुष्य वेचले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' संस्थेद्वारे कार्य आरंभिले. शोधग्रामातील त्यांच्या रुग्णालयाला आदिवासींच्या इच्छेनुसार माँ दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले, आणि बाहेरगावचे तज्ज्ञ शल्यविशारद तेथे शिबिरांसाठी येऊ लागले. रुग्णाने डॉक्टरांकडे जायचे या नेहमीच्या रीतीऐवजी डॉक्टरांनी रुग्णाकडे यावे, ही उलटी वाट या भूमीने पाहिली आहे.

झडपेचा आजार कसा जडतो

मानवी हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा स्पंदन पावते. त्यात चार झडपा असतात. प्रत्येक स्पंदनात त्या उघडतात आणि मिटतात, जेणेकरून रक्त एकाच दिशेने पुढे जावे. झडप अरुंद झाली तर रक्त मागे साचते, नीट मिटली नाही तर रक्त उलटे गळते. दोन्ही प्रकारांत हृदयाला दुप्पट श्रम पडतात, धाप लागते, पाय सुजतात आणि रात्री आडवे होणे कठीण जाते.

भारतातील तरुण वयात जडणाऱ्या झडपविकाराचे मोठे कारण रुमॅटिक ताप हे आहे. लहानपणी घसा दुखतो, विशिष्ट जंतूंचा संसर्ग होतो, आणि त्या जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवर व हृदयाच्या झडपांवरच आघात करते. सांधे काही दिवसांत बरे होतात, झडपेवरचा व्रण मात्र वर्षानुवर्षे घट्ट होत जातो. दाटीची घरे, अपुरे पोषण आणि वेळेवर न मिळालेले उपचार या आजाराला पोसतात. पाश्चात्त्य देशांत झडप अरुंद होण्यास दोन-तीन दशके लागतात, येथे मात्र विशीच्या आतच मुले-मुली धापा टाकू लागतात, ही गोष्ट दिल्लीच्या डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे मांडली.

मुलींच्या बाबतीत हा आजार अनेकदा लग्नानंतर, पहिल्या गर्भारपणात उघडकीस येतो, कारण त्या काळात हृदयावरील भार एकदम वाढतो. तोवर धाप ही अशक्तपणाची समजली जाते. आपल्या भागात सिकलसेलचा आजारही आढळतो. त्यामुळे थकवा आणि सांधेदुखी नेमकी कशाची, हे ओळखणे अधिक अवघड होते, आणि हृदयशस्त्रक्रियेपूर्वी सिकलसेलची तपासणी करून घेणे अत्यावश्यक ठरते.

बोटाने उघडलेले द्वार

हृदयाला हात लावणे हे विसाव्या शतकाच्या आरंभी शल्यविद्येला निषिद्धच वाटत होते. १९२३ मध्ये बोस्टनच्या इलियट कटलर यांनी अरुंद झडपेवर शस्त्रक्रिया केली. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सूटार यांनी एका तरुण मुलीच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यातून बोट आत घालून मायट्रल झडप रुंद केली. ती मुलगी वाचली. तरीही सूटार यांच्याकडे त्यानंतर अशा शस्त्रक्रियेसाठी दुसरा रुग्ण पाठवण्यात आला नाही, कारण तत्कालीन वैद्यकाला हा मार्ग मान्य नव्हता. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ हे द्वार मिटलेलेच राहिले.

१९४८ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली आणि बोस्टनचे ड्वाइट हार्केन यांनी ते पुन्हा उघडले. बेली यांचे आधीचे रुग्ण दगावले होते आणि त्यांच्यावर कठोर टीका झाली होती. यशस्वी ठरलेल्या पहिल्या रुग्णाचे नाव इतिहास जपतो. त्याच्या आधी त्याच वाटेवर प्राण गमावलेल्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात, परंतु त्यांच्यामुळेच हातांना अंदाज आला.

१९५० च्या दशकात ही शस्त्रक्रिया भारतात पोहोचली. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिचा पाया घातला गेला. के. ई. एम. मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रियेची परंपरा उभी केली. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला, पण महापालिकेच्या रुग्णालयात, साधनांची चणचण असताना, एवढे धाडस करणारी शल्यविद्या महाराष्ट्रात रुजली होती, हे त्यातून सिद्ध झाले. झडपेच्या बंद शस्त्रक्रियेचे तर आणखी एक वैशिष्ट्य होते. तिला मोठे यंत्र लागत नसे. शल्यविशारदाचे अनुभवी बोट हेच तिचे साधन होते, आणि म्हणूनच गरीब देशात ती अनेक दशके हजारो रुग्णांना जीवदान देत राहिली.

यंत्र आणि कृत्रिम झडप

पूर्ण खराब झालेली झडप बदलायची तर हृदय काही काळ थांबवणे आवश्यक होते. त्यासाठी हृदय आणि फुप्फुस यांचे काम करणारे यंत्र हवे होते. १९३१ मध्ये एका रुग्णाला फुप्फुसातील रक्ताच्या गुठळीमुळे मरताना पाहून तरुण डॉक्टर जॉन गिबन यांच्या मनात या यंत्राची कल्पना आली. पत्नीच्या साहाय्याने त्यांनी दोन दशके प्रयोग केले आणि ६ मे १९५३ रोजी एका अठरा वर्षांच्या मुलीवर त्या यंत्राच्या आधारे यशस्वी शस्त्रक्रिया केली. पुढील रुग्ण मात्र दगावले. तेव्हा गिबन यांनी स्वतःच हा उपक्रम थांबवला आणि यंत्र सुधारण्याचे काम इतरांच्या हाती गेले. यशाच्या शिखरावर असताना अपयश मान्य करून हात आवरता घेणे हाही एक संयमच होय.

१९६० हे वर्ष झडपेच्या इतिहासात संस्मरणीय ठरले. त्या वर्षी मार्च महिन्यात हार्केन यांनी महाधमनीची झडप बदलली आणि त्याच महिन्यात डॉ. नीना ब्राउनवाल्ड या शल्यचिकित्सक महिलेने स्वतः तयार केलेली मायट्रल झडप रुग्णाच्या हृदयात बसवली. सप्टेंबर महिन्यात पोर्टलँडच्या डॉ. अल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप एका ५२ वर्षांच्या गृहस्थाला बसवली. ती झडप निवृत्त अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी घडवली होती. एडवर्ड्स खरे तर संपूर्ण कृत्रिम हृदय बनवण्याचा विचार घेऊन आले होते. आधी एक झडप तर जमू द्या, असे स्टार यांनी त्यांना पटवले. स्टार यांचा आधीचा रुग्ण वाचला नव्हता. हा दुसरा गृहस्थ पुढे सुमारे दहा वर्षे जगला आणि अखेर शिडीवरून पडून मरण पावला. झडप शेवटपर्यंत काम देत होती.

तिरुवनंतपुरमची झडप

परदेशी झडप भारतात येई, पण तिची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असे. हा प्रश्न डॉ. एम. एस. वलियाथन यांनी मनावर घेतला. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या देणगीतून तिरुवनंतपुरम येथे श्री चित्रा तिरुनाल संस्था उभी राहिली होती. १९८० मध्ये संसदेने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. शल्यविशारद, धातुतज्ज्ञ, अभियंते आणि रसायनतज्ज्ञ यांना डॉ. वलियाथन यांनी एकाच छपराखाली आणले. झडपेचे पहिले तीन नमुने फसले. प्रत्येक अपयशानंतर धातू बदलला, तबकडी बदलली, रचना बदलली. चौथा नमुना टिकला. कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट, अत्यंत घट्ट पॉलिथिलीनची कलती तबकडी आणि भोवती पॉलिएस्टरचे शिवणकडे अशी ती रचना होती. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्या रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. पुढे टीटीके उद्योगसमूहाने तिचे उत्पादन हाती घेतले. आजवर एक लाखाहून अधिक हृदयांत ती बसवली गेली आहे.

डॉ. वलियाथन यांचे १७ जुलै २०२४ रोजी निधन झाले. छातीत झडपेची बारीक टिकटिक घेऊन वावरणाऱ्या कित्येक रुग्णांना त्यांचे नावही ठाऊक नसेल. ज्या शल्यविशारदाने छाती उघडली त्याचे नाव रुग्णाच्या ओठी असते, ज्याने झडप घडवली तो पडद्याआड राहतो. गुप्तदानाची महती ज्या समाजाला ज्ञात आहे, त्याला या पडद्याआडच्या उपकाराचे मोल सांगावे लागू नये.

लहान छेदाचे युग

झडप बदलण्यासाठी छातीचे मधले हाड उभे कापणे ही अनेक दशकांची रूढ पद्धत होती. हाड जुळण्यास दोन-तीन महिने जात. शेतमजूर, हमाल किंवा डोक्यावर पाण्याचे हंडे वाहणारी स्त्री यांच्यासाठी हा काळ फार मोठा असे.

१९८० नंतर यात क्रमाने बदल घडला. १९८२ मध्ये जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा आत नेऊन अरुंद मायट्रल झडप उघडण्याची पद्धत प्रथम वापरली. योग्य रुग्णात छाती न उघडताच काम होऊ लागले, आणि रुमॅटिक आजाराने पीडित भारतीय तरुणांना तिचा मोठा लाभ झाला. १९९६ च्या सुमारास फ्रान्सचे अलँ कार्पेंतिए आणि अमेरिकेचे डेलॉस कॉसग्रोव्ह व लॉरेन्स कोन यांनी लहान छेदातून झडपेची शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग रूढ केला. उजव्या बाजूच्या दोन बरगड्यांमधून काही सेंटिमीटरांचा छेद घेतला जातो, हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या मांडीतील रक्तवाहिन्यांना जोडल्या जातात आणि दुर्बीण व लांब अवजारांच्या साहाय्याने आतले काम होते. हाड अखंड राहते, रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर कामाला लागतो. अविवाहित मुलीच्या छातीवर उभा व्रण राहत नाही, या गोष्टीचे महत्त्वही आपल्या समाजात कमी नाही.

तथापि लहान छेद म्हणजे लहान शस्त्रक्रिया नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. आत हृदय थांबवावेच लागते, यंत्रावरचा वेळ अनेकदा अधिक लागतो आणि प्रत्येक रुग्ण त्यासाठी योग्य नसतो. कोणती पद्धत निवडायची याचा निर्णय छेदाच्या लांबीवरून न घेता झडपेची अवस्था आणि शल्यविशारदाचा अनुभव यांवरून घेतला जातो.

यापुढचे पाऊल १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी टाकले. घडी घातलेली झडप नळीवाटे रक्तवाहिनीतून नेऊन त्यांनी ती हृदयातच उलगडली. वार्धक्यात महाधमनीची झडप चुन्यासारखी कडक होते. ज्या वृद्धांना मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही, त्यांना या पद्धतीने नवी आशा दिली. गुजरातमधील वापी येथे अशी भारतीय बनावटीची झडपही तयार होऊ लागली. तिचा खर्च अद्याप कित्येक लाखांत जातो, आणि रुमॅटिक आजाराच्या तरुण रुग्णांना ही पद्धत सहसा उपयोगी पडत नाही.

झडप कशाची? अहिंसेपुढील प्रश्न

या इतिहासात जैन श्रावकाला थांबवणारा एक प्रश्न दडलेला आहे. कृत्रिम झडपा दोन प्रकारच्या असतात. एक धातू, कार्बन किंवा प्लास्टिकची यांत्रिक झडप. दुसरी प्राणिज ऊतींची. कार्पेंतिए यांनी १९६० च्या दशकात डुकराची झडप रसायनाने टिकाऊ करून मानवी हृदयात बसवण्याची पद्धत घडवली. पुढे गाय-बैलांच्या हृदयावरील आवरणापासूनही झडपा होऊ लागल्या. नळीवाटे बसवल्या जाणाऱ्या आजच्या झडपा तर प्राणिज ऊतींच्याच असतात. म्हणजे वृद्धाला सर्वांत सुसह्य असलेला उपचार हाच अहिंसाव्रतीच्या मनाला सर्वांत जड जाणारा ठरतो.

यांत्रिक झडप निवडली की प्रश्न सुटला, असेही नाही. चित्रा झडपेची चाचणी मेंढ्यांवर झाली होती. कोणत्याही खुल्या हृदयशस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन हे औषध डुकराच्या आतड्यांतून काढले जाते. अनेक कॅप्सूलांचे वेष्टनही प्राणिज असते. पूर्णतः निर्दोष असा मार्ग आजच्या वैद्यकाजवळ नाही.

जैन आचारशास्त्राने श्रावकासाठी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद केले आहेत. जाणूनबुजून, हेतुपूर्वक केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा वर्ज्य, अन्य हिंसा शक्य तेवढी मर्यादित करावयाची, असा तो विवेक आहे. प्राणरक्षणासाठी स्वीकारलेला उपचार यात कोठे बसतो, याविषयी साधुसंतांची आणि विद्वानांची मते एकसारखी असतीलच असे नाही. अनेकान्ताची दृष्टी येथे उपयोगी पडते. रुग्णाचे वय, त्याची प्रकृती, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव आणि त्याचे व्रत या सर्व बाजू सत्य आहेत. एका बाजूने दुसरी खोटी ठरत नाही.

मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. ही झडप कशाची आहे, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. कित्येक कुटुंबे संकोचाने तो विचारत नाहीत, आणि नंतर कळल्यावर मन आयुष्यभर बोचत राहते. डॉक्टरांसमोर हा प्रश्न मांडणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. जाणकार शल्यविशारद त्याचे उत्तर आदरानेच देतो. निर्णय आधी झाला, गुरुजनांशी बोलून झाला, तर जी झडप बसेल तिच्याविषयी पश्चात्ताप उरत नाही. आणि ज्याने प्राणिज झडप स्वीकारली, त्याला समाजाने कमी लेखू नये. आजारी माणसाच्या मनाला दुखावणे हीही हिंसाच आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य

ऊतींची झडप साधारणतः दहा-पंधरा वर्षांनी झिजते, तरुणांत त्याहूनही लवकर. यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन किंवा असिट्रोमसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते. मात्रा कमी पडली तर झडप अडकते किंवा पक्षाघात होतो, अधिक झाली तर रक्तस्राव होतो. त्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. शहरात ही तपासणी कोपऱ्यावर होते. एटापल्ली किंवा कोरचीच्या रुग्णाला तिच्यासाठी दिवसाची मजुरी आणि बसभाडे मोजावे लागते. अनेकदा तपासणी टळते, गोळी सुटते, आणि लाखो रुपयांच्या शस्त्रक्रियेचे फळ काही शेकड्यांच्या अभावी हातचे जाते.

जैन कुटुंबांनी यात आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या गोळ्यांचा प्रभाव हिरव्या पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्वाने कमी होतो. एरवी पालेभाजी खाणारा रुग्ण पर्युषणात हिरव्या भाज्या एकदम सोडतो, किंवा अठ्ठाईसारखा दीर्घ उपवास करतो, तेव्हा तीच मात्रा त्याला अधिक ठरू शकते. पाणीही वर्ज्य करणारा चौविहार उपवास हृदयरोग्याला, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला, धोक्याचा आहे. गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वीची ठरवून घेता येते. तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि गुरुमहाराजांना आपली प्रकृती स्पष्ट सांगावी. जैन तपाची परंपरा शक्तीनुसार तप करण्यास सांगते. दात काढण्यापूर्वी आपल्याला कृत्रिम झडप आहे हे दंतवैद्याला सांगणे, आणि यांत्रिक झडप असलेल्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच हृदयरोगतज्ज्ञाला भेटणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

शासनाची योजना आणि समाजाचे कर्तव्य

गरीब रुग्णाच्या हृदयशस्त्रक्रियेला राज्य शासनाचे साहाय्य १९९७ च्या जीवनदायी योजनेपासून मिळू लागले. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत गडचिरोलीचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती चंद्रपूरसह सर्व राज्यात लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होऊ लागली, आणि हृदयविकाराची मुले लहानपणीच सापडू लागली. चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वाट थोडी जवळ आली आहे.

शस्त्रक्रियेच्या मोठ्या खर्चाची सोय अशी बरीचशी झाली असताना धर्मादाय न्यासांचे औषधदान कोठे वळावे, याचे उत्तर वरील इतिहासातच आहे. घसादुखीच्या मुलाला वेळेवर औषध मिळणे, रुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे न चुकता मिळणे, आणि झडप बदललेल्या रुग्णाला तपासणीसाठी बसभाडे मिळणे, ही कामे लहान आहेत. त्यांचे फलक लागत नाहीत. पण पेनिसिलिनचे इंजेक्शन न चुकलेल्या मुलाची झडप पुन्हापुन्हाच्या आघातातून वाचते, आणि अनेकदा त्याच्यावर छाती उघडण्याची वेळच येत नाही.

उपकारस्मरण

बरा झालेला रुग्ण शल्यविशारदासमोर हात जोडतो, श्रीफळ ठेवतो, पेढे देतो. काही घरांत डॉक्टरांचे छायाचित्र देवघराजवळ लावलेले असते. ही भावना निर्मळ आहे. पण जैन परंपरेने वंदनाचा एक वेगळा अर्थ शिकवला आहे. भद्रावतीच्या केशरिया पार्श्वनाथांसमोर उभा राहणारा श्रावक भगवंतांकडे काही मागत नाही. तीर्थंकर काही देत नाहीत आणि घेतही नाहीत. त्यांच्या गुणांचे स्मरण करावयाचे ते ते गुण आपल्यात यावेत म्हणून. शल्यविशारदाला केलेल्या नमस्काराचाही हाच अर्थ असावा. गिबन यांचा संयम, वलियाथन यांची चिकाटी, बोटाच्या टोकावर दुसऱ्याचे प्राण तोलणाऱ्या हातांची स्थिरता, यांतला एखादा अंश आपल्यात उतरला तर ती कृतज्ञता सार्थ झाली.

जीवांनी परस्परांवर उपकार करावा, हे सूत्र उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात सांगितले. एका झडपेमागे किती जीवांचा उपकार असतो, याची गणना केली तर मन नम्र होते. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ, रात्रभर जागणारी परिचारिका, नाव न सांगता रक्त देणारा युवक, तिरुवनंतपुरमच्या प्रयोगशाळेतील कारागीर, प्रयोगात प्राण गेलेली मेंढी, आणि शस्त्रक्रिया यशस्वी होण्यापूर्वी तिच्याच वाटेवर दगावलेला अनामिक रुग्ण. यांतील बहुतेकांना श्रीफळ देता येत नाही, कारण त्यांचा पत्ता नाही. त्यांचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जो रुग्ण अद्याप वाटेवर आहे, ज्याची बस अजून अहेरीहून सुटायची आहे, त्याच्या हाती तपासणीचा कागद आणि परतीचे भाडे वेळेवर पोहोचवणे.